सीमेपलीकडील मैत्री आणि स्वयंसेवकाचे कार्य : भारत-पाकिस्तान मैत्रीसंघटना व कैदेतील मच्छीमारांच्या संदर्भात

प्रस्तावना

दोन शेजारी राष्ट्रांच्या संबंधांचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच युद्धे, करार, शिखर परिषदा आणि परराष्ट्र मंत्रालयांची निवेदने यांकडे जाते. या राजकीय चौकटीबाहेर सामान्य नागरिकांनी चालविलेल्या मैत्रीसंघटनांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वाट्याला एक तर भाबडे कौतुक येते, नाही तर उपहास. सीमेवर मेणबत्त्या लावल्याने युद्धे थांबतात काय, असा प्रश्न त्यांना हमखास विचारला जातो. प्रश्न गैर नाही; परंतु तो या कार्याच्या केवळ दर्शनी भागाकडे पाहून विचारलेला आहे.

मैत्री ही भावना असली, तरी मैत्रीसंघटनेचे स्वयंसेवी कार्य ही एक कार्यपद्धती आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या कार्याचे मोल अधिवेशनातील टाळ्यांवरून ठरवता येत नाही. दोन देशांचे संबंध तुटेपर्यंत ताणले जातात, तेव्हा कोणते धागे शाबूत राहतात, यावरून ते ठरते. हे मत तपासण्यासाठी पाकिस्तानच्या कैदेतील भारतीय मच्छीमारांचा प्रश्न निवडला आहे. पालघर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांशी तो थेट निगडित असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. भारत-पाकिस्तान मैत्रीसंघटनांची पार्श्वभूमी थोडक्यात स्पष्ट करणे.
२. स्वयंसेवकांच्या प्रत्यक्ष कामाचे स्वरूप समजून घेणे.
३. मच्छीमार कैद्यांच्या सुटकेच्या प्रक्रियेत या कामाचे स्थान आणि त्याच्या मर्यादा तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई आणि कराची ही शहरे आज दोन वैरी राष्ट्रांत असली, तरी एके काळी ती एकाच प्रांतात होती. सिंध हा १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतील नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल हे सिंधमध्ये शिक्षणखात्यात काम केलेल्या एका मराठी अधिकाऱ्याचे नाव आजही धारण करून आहे. १८५५ साली सुरू झालेली ही शाळा फाळणीनंतरही त्याच नावाने ओळखली जाते. सामायिक भूतकाळाच्या अशा खुणा दोन्ही बाजूंना आहेत. तथापि केवळ आठवणींवर संघटना उभी राहत नाही. तिला नियमित व्यवहार लागतो.

असा नियमित व्यवहार उभा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९९४ साली झाला. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात दोन्ही देशांतील काही विचारवंत, पत्रकार व माजी अधिकारी लाहोर येथे एकत्र आले आणि त्यातून ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी’ ही संघटना आकारास आली. पाकिस्तानातील डॉ. मुबश्शिर हसन व आय. ए. रहमान, तसेच भारतातील निर्मल मुखर्जी व रजनी कोठारी ही तिच्या प्रारंभीच्या काळातील काही नावे होत. पहिले संयुक्त अधिवेशन फेब्रुवारी १९९५ मध्ये दिल्लीत, तर दुसरे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोर येथे झाले. अधिवेशने आळीपाळीने दोन्ही देशांत भरवावयाची, हा शिरस्ता तेथून पडला.

या अधिवेशनांचा कालक्रम बोलका आहे. मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. त्यानंतर सहाच महिन्यांनी पेशावर येथे अधिवेशन भरले. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. एप्रिल २००० मध्ये बंगळूर येथे दोन्हीकडील प्रतिनिधी पुन्हा एकत्र बसले. डिसेंबर २००१ मध्ये भारतीय संसदेवर हल्ला झाला व त्यानंतर काही महिने सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. डिसेंबर २००३ मध्ये कराचीत अधिवेशन पार पडले. युद्धे आणि हल्ले या अधिवेशनांमुळे टळले नाहीत, हे स्पष्टच आहे. परंतु त्यांच्यामुळे परस्परसंपर्क कायमचा तुटला नाही, हेही तितकेच खरे आहे.

या चळवळीशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. भारतीय नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल. रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ स्थायिक झाले. १९७१ च्या युद्धात लढलेला हा नौदल अधिकारी पुढे या संघटनेचा आधारस्तंभ बनला. २००४ सालचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना व आय. ए. रहमान यांना एकत्रितपणे देण्यात आला. नागपूर येथे जन्मलेल्या गांधीवादी कार्यकर्त्या निर्मला देशपांडे यांनी मार्च २००० मध्ये, म्हणजे कारगिलनंतर वर्षही पुरे झाले नसताना, स्त्रियांची शांतियात्रा बसने लाहोरला नेली. मे २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थींचा काही भाग सिंधू नदीत विसर्जित करण्यात आला आणि पाकिस्तान सरकारने त्यांना ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा सन्मान मरणोत्तर दिला.

स्वयंसेवी कार्याचे स्वरूप

नेत्यांची नावे इतिहासात राहतात. संघटना चालते ती मात्र अनाम स्वयंसेवकांच्या श्रमावर. हे श्रम ढोबळमानाने चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार आतिथ्याचा. दोन्ही देशांतील व्हिसा संपूर्ण देशासाठी न मिळता ठरावीक शहरांपुरता मिळतो आणि बहुतेक पाहुण्यांना आगमनाची व प्रस्थानाची नोंद पोलिसांकडे करावी लागते. त्यामुळे पाहुण्यास घरी उतरवून घेणे, त्याची कागदपत्रे पोलीस ठाण्यात वेळेवर पोहोचवणे आणि व्हिसात नमूद नसलेल्या गावी तो चुकूनही जाणार नाही याची काळजी घेणे, ही सर्व जबाबदारी यजमान स्वयंसेवकावर येते. येथे एका व्यक्तीची चूक संपूर्ण शिष्टमंडळास भोवू शकते.

दुसरा प्रकार शैक्षणिक देवाणघेवाणीचा. ‘आगाज-ए-दोस्ती’ या उपक्रमातून दोन्ही देशांतील शाळकरी मुलांनी काढलेल्या चित्रांची शांतता दिनदर्शिका प्रसिद्ध केली जाते आणि वर्गावर्गांमध्ये संवाद घडवून आणला जातो. मुलांचे प्रश्न साधे असतात. तुमच्याकडे क्रिकेट कोठे खेळता, डब्यात काय नेता, शाळा किती वाजता सुटते, असे काहीतरी ती विचारतात. मात्र पाठ्यपुस्तकातील ‘शत्रुराष्ट्र’ या शब्दामागे आपल्याच वयाचे एक मूल आहे, ही जाणीव अशा प्रश्नोत्तरांतूनच निर्माण होते.

तिसरा प्रकार आरोग्यविषयक साहाय्याचा. जुलै २००३ मध्ये दिल्ली-लाहोर बससेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा हृदयविकार असलेली एक पाकिस्तानी बालिका उपचारासाठी भारतात आली आणि बंगळूर येथे तिच्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली. त्या काळी ही घटना दोन्हीकडील वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली होती.

चौथा प्रकार कैद्यांसाठी करावयाच्या कामाचा. हे काम सर्वांत कमी दिसते, सर्वांत कंटाळवाणे असते आणि त्याचे परिणाम मात्र सर्वांत दूरगामी असतात. म्हणून त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक आहे.

मच्छीमारांचा प्रश्न : कारणे आणि कायदेशीर चौकट

गुजरात आणि सिंध यांच्या दरम्यान सुमारे ९६ किलोमीटर लांबीची सर क्रीक ही खाडी आहे. या खाडीतील सीमेबाबत दोन्ही देशांत मतभेद असल्यामुळे तेथून पुढे समुद्रातील सीमारेषाही निश्चित झालेली नाही. पाण्यावर कुंपण नसते. माशांच्या मागे जाताना, इंजिन बंद पडल्यास किंवा प्रवाहात बोट वाहवत गेल्यास मच्छीमार नकळत पलीकडे जातात. कधी कधी अधिक मासळीच्या आशेने जाणूनबुजूनही धोका पत्करतात. दोन्ही देशांची सागरी सुरक्षा दले त्यांना पकडतात, बोटी जप्त होतात आणि खलाशांची रवानगी तुरुंगात होते. भारतीय मच्छीमार प्रामुख्याने कराचीतील मलीर येथील तुरुंगात, तर पाकिस्तानी मच्छीमार गुजरातमध्ये अडकून पडतात.

पालघर जिल्ह्यातील, विशेषतः डहाणू व तलासरी परिसरातील अनेक आदिवासी तरुण पावसाळी मासेमारी बंदी उठल्यानंतर गुजरातमधील बोटींवर खलाशी म्हणून जातात. हंगामाच्या आरंभी मिळणारी उचल हे त्यामागील मुख्य कारण असते. बोट कोणत्या दिशेने न्यायची, हे तांडेल ठरवतो. पकडला मात्र प्रत्येक जण जातो. बोट गुजरातची आणि खलाशी महाराष्ट्राचा, अशी स्थिती असल्याने त्याच्या कुटुंबाने कोणत्या राज्याच्या कोणत्या कार्यालयात जावे, हेच प्रथम कळत नाही. हा धोका केवळ तुरुंगवासाचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातील एका खलाशाचा मृत्यू झाला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या ७३ व्या कलमानुसार अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीविषयक नियमभंगासाठी, संबंधित देशांत तसा करार नसल्यास, कारावासाची शिक्षा देता येत नाही. प्रत्यक्षात मात्र अटक, खटला व कारावास असाच क्रम चालू आहे. त्यामुळे व्यवहारात अधिक उपयोगी ठरतो तो २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत झालेला वाणिज्यदूत-संपर्कविषयक करार. या करारातील तीन तरतुदी स्वयंसेवकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रतिवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी दोन्ही देशांनी परस्परांच्या कैदेतील नागरिकांच्या याद्या द्यावयाच्या. दुसरी, अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत कैद्यास आपल्या देशाच्या वाणिज्यदूताची भेट मिळावयाची. तिसरी, शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्वाची खातरजमा झाल्यावर एका महिन्याच्या आत सुटका करून मायदेशी पाठवणी करावयाची.

१ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या कैदेत भारतीय असलेले वा तसे मानले गेलेले २१७ मच्छीमार व ४९ अन्य नागरिक होते. भारताच्या कैदेत पाकिस्तानी असलेले वा तसे मानले गेलेले ८१ मच्छीमार व ३८१ अन्य नागरिक होते. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे आणि त्या घरात ‘कधी सुटणार’ हा एकच प्रश्न आहे.

एका नावासाठी चाललेले काम

करारातील ‘राष्ट्रीयत्वाची खातरजमा’ हे शब्द कागदावर सोपे दिसतात. प्रत्यक्षात कैद्याने सांगितलेले नाव, वडिलांचे नाव व गाव हा तपशील वाणिज्यदूतामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे येतो. तेथून तो राज्याच्या गृहखात्याकडे, पुढे जिल्हा पोलिसांकडे आणि शेवटी गावातील पोलीस पाटलापर्यंत उतरतो. ‘होय, हा आमच्याच गावचा’ असे उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढते. मधल्या एखाद्या टेबलावर कागद अडला, तर तिकडे तुरुंगात शिक्षा भोगून झालेला माणूस तसाच बसून राहतो.

कागद अडण्याचे एक कारण लिपीतही दडलेले आहे. उर्दू लिपीत सामान्यतः ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत; ‘ळ’ आणि ‘ण’ या वर्णांना तीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘काळूराम’चा ‘कालूराम’ होतो आणि ‘डहाणू’चे ‘डहानू’. तेथून ते नाव इंग्रजीत जाते, इंग्रजीतून गुजरातीत किंवा मराठीत येते. पाकिस्तानी नोंदीत ‘अमुक वल्द तमुक’ अशी पद्धत असते, तर आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये व आडनाव शेवटी लिहितात. त्यामुळे कधी आडनावच वडिलांचे नाव समजले जाते. चार लिपींतून फिरून आलेले नाव गावातील मतदार यादीतील नावाशी जुळत नाही आणि ‘अशी व्यक्ती आढळून येत नाही’ असा शेरा पडतो. सीमा ओलांडण्यास बोटीला काही मिनिटे पुरतात. हा शेरा पुसण्यास मात्र महिने लागतात.

प्रस्तुत लेखिका महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमवेत किनारपट्टीवरील अशा काही कुटुंबांना भेटली आहे. एका घरी खलाशाच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारपत्र काढून समोर ठेवले. तिन्हींवर मुलाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले होते. एका शासकीय कार्यालयाने त्याच कारणावरून त्यांचा अर्ज दोनदा परत केला होता. विद्यार्थ्यांनी तिन्ही नावे, वडिलांचे नाव, बोटीचा क्रमांक, तांडेलाचे नाव, निघण्याची तारीख आणि बंदर असा तपशील एका पानावर लिहून काढला, त्यास ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आणि ते पान मैत्रीसंघटनेच्या कार्यकर्त्यांकडे दिले. परतताना त्या माऊलीने विचारले, “बाई, त्या कागदावर तो जिवंत आहे असं लिहिलंय ना?” त्या प्रश्नानंतर ‘कागदी काम’ हा शब्द आम्ही हिणवण्याच्या अर्थाने वापरलेला नाही.

असे एक पान तयार झाले, की तुरुंगातील यादीशी ते ताडून पाहण्याचे काम सीमेपलीकडील स्वयंसेवक करतात. ‘पाकिस्तान फिशरफोक फोरम’ आणि भारतातील ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ यांसारख्या मच्छीमार संघटनांची येथे मदत होते. कैदी सुटल्यावर कराचीहून लाहोरपर्यंतच्या प्रवासाची व्यवस्था अनेकदा ‘एधी फाउंडेशन’ या सेवाभावी संस्थेने केली आहे. वाघा-अटारी सीमेवर गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी सुटलेल्यांना ताब्यात घेतात. या साखळीत शासन आहे, संघटना आहेत आणि कोणत्याही पदावर नसलेली माणसेही आहेत. एकही कडी निखळली, तर साखळी निकामी होते.

मर्यादा आणि आक्षेप

या कार्यावरील आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, सुटका अखेर सरकारच्या मर्जीवर होते, मग स्वयंसेवकांचा उपयोग काय? वस्तुस्थिती अशी की, सुटकेवर राजनैतिक हवामानाचा प्रभाव निश्चितच पडतो. मे २०१४ मध्ये भारतातील शपथविधीच्या पूर्वसंध्येस पाकिस्तानने सुमारे १५० मच्छीमार सोडले. २०२३ साली मे महिन्यात १९८, जूनमध्ये २०० आणि नोव्हेंबरमध्ये ८० मच्छीमार परतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ जण परतले. मधल्या काळात दीर्घ शांतता दिसते. माणसांची सुटका ही सदिच्छेची भेटवस्तू ठरते, हीच या व्यवस्थेतील मूळ त्रुटी होय. म्हणूनच सुटका कराराप्रमाणे व ठरल्या मुदतीत व्हावी, ही मागणी मैत्रीसंघटना लावून धरतात. शिवाय ज्याची ओळख आधीच पटलेली आहे, तोच सदिच्छेच्या यादीत येऊ शकतो. सरकारची मर्जी होईल त्या दिवशी कागद तयार असणे, हे काम स्वयंसेवकाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. अशा वेळी मैत्रीची भाषा करणे हा मृतांचा अवमान नव्हे काय? या प्रश्नास शब्दांनी उत्तर देता येईल असे वाटत नाही आणि स्वयंसेवकाने तसा प्रयत्नही करू नये. शोकाकुल कुटुंबासमोर मैत्रीचे समर्थन मांडणे हे असंवेदनशीलतेचे लक्षण ठरेल. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी ही मागणी आणि निरपराध खलाशी घरी यावा ही मागणी, या परस्परविरोधी नाहीत, एवढेच येथे नमूद करता येईल.

तिसरी मर्यादा संघटनांच्या आतील आहे. अधिवेशनांतून दीर्घकाळ शहरी, सुशिक्षित व इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचाच वावर राहिला. ज्या खलाशासाठी ठराव संमत होतो, तो किंवा त्याची पत्नी व्यासपीठावर क्वचितच दिसते. हे अंतर कमी केल्याविना या चळवळीस जनाधार लाभणे कठीण आहे.

यावरून स्वयंसेवकासाठी काही पथ्ये निष्पन्न होतात. कुटुंबास सुटकेची तारीख कधीही सांगू नये. कैद्याची नावे व छायाचित्रे समाजमाध्यमांवर प्रसृत करू नयेत. विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याचे काटेकोर पालन करावे. आपल्या बाजूच्या कैद्याइतकीच पलीकडच्या कैद्याचीही विचारपूस करावी. गुजरातच्या तुरुंगात अडकलेल्या सिंधी मच्छीमाराच्या आईचा प्रश्नही डहाणूच्या आईच्या प्रश्नाहून वेगळा नसतो.

अन्य एका उदाहरणाचा बोध

शेजारी राष्ट्रांतील वैर नागरिकांच्या पुढाकाराने कमी झाल्याचे एक परिचित उदाहरण फ्रान्स व जर्मनी यांचे आहे. दुसरे महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली असताना, १९५० साली फ्रान्समधील माँबेलियार व जर्मनीतील लुडविग्जबुर्ग या शहरांनी मैत्रीसंबंध जोडले. दोन राष्ट्रांतील एलिझे करार त्यानंतर तेरा वर्षांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी झाला आणि त्याच वर्षी युवकांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय स्थापन झाले. तेथे नागरिक आधी चालले, शासन मागून आले. परंतु आल्यावर शासनाने निधी, कायदा व कार्यालय दिले. आपल्याकडे पहिली पायरी चढली गेली आहे. दुसरी अद्याप बाकी आहे. दोन्ही परिस्थितींत मोठे अंतर आहे, हे मान्य करूनही हा बोध घेण्यासारखा आहे.

निष्कर्ष

१. मैत्रीसंघटनांमुळे युद्धे टळतात असे म्हणता येत नाही. मात्र युद्धानंतर संपर्क पुन्हा जोडण्यासाठी लागणारी माणसे व पद्धती त्या जतन करून ठेवतात.
२. मच्छीमार कैद्यांच्या बाबतीत स्वयंसेवकाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे अचूक माहितीचे संकलन व ओळख पटविण्यास साहाय्य.
३. २००८ च्या करारातील मुदतींचे पालन झाल्यास सुटका सदिच्छेवर अवलंबून राहणार नाही. यासाठी संघटनांनी पाठपुरावा करणे आवश्यक आहे.
४. किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी खलाशी हंगामास निघण्यापूर्वीच त्यांची नावे व कागदपत्रे एकसारखी करून देण्याचा उपक्रम राष्ट्रीय सेवा योजनेतून हाती घ्यावा.

समारोप

एप्रिल २०२५ नंतर अटारीची तपासणी चौकी बंद करण्यात आली, व्हिसा रद्द झाले आणि मे महिन्यात दोन्ही देशांत प्रत्यक्ष लष्करी संघर्ष झाला. समझौता एक्स्प्रेस तर २०१९ पासूनच थांबलेली होती. असे सर्व मार्ग बंद झालेले असताना १ जुलै २०२५ रोजी दोन्ही देशांनी करारानुसार कैद्यांच्या याद्या एकमेकांस दिल्याच. त्या यादीत पाकिस्तानच्या कैदेतील भारतीय मच्छीमारांची संख्या १९३ होती. तोफा थंडावून दोन महिनेही झाले नव्हते आणि तरीही यादी आली, कारण ती कोणाच्या मनःस्थितीवर नव्हे, तर पद्धतीवर अवलंबून होती. त्या यादीतील नाव घरच्या नावाशी जुळवून पाहणारे कोणीतरी सीमेच्या दोन्ही बाजूंना असले पाहिजे. मैत्रीसंघटनेच्या स्वयंसेवकाचे काम तेथून सुरू होते.